एकसष्ट रांगोळ्या आणि एक ठिपका

आमच्या घरी ठिपक्यांच्या रांगोळीचा एक खाकी कागद आहे. आईने पेटत्या उदबत्तीने त्याला भोकं पाडली होती: बारा ओळी, प्रत्येक ओळीत बारा. कागद फरशीवर अंथरायचा, वरून रांगोळी हाताने पसरायची आणि कागद अलगद उचलायचा. खाली एकशे चव्वेचाळीस ठिपके उमटलेले असतात. भोकांच्या कडा अजून करपलेल्या दिसतात.

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी, कोथरूडला आमच्या दारात, मी तो कागद अंथरत होते. नववीतली भाची ईरा शेजारी बसली होती. तिने आपल्या पुरत्या दोन चिमुकल्या रांगोळ्या मांडल्या होत्या, प्रत्येकी दोन बाय दोन ठिपक्यांच्या.

"मावशी, या दोन्ही मोडल्या तर सगळ्या ठिपक्यांचा एकच मोठा चौकोन होईल का गं?"

ठिपके आठ. तीन बाय तीनच्या चौकोनाला नऊ लागतात. "एक कमी पडतोय," मी म्हटलं. तिने चिमटीतून एक ठिपका सोडला आणि चौकोन पुरा झाला.

एका प्रचंड संख्येबद्दल मला लिहायचं आहे, आणि त्या संख्येकडे जाणारा माझ्या माहितीतला सर्वांत सोपा रस्ता या एका ठिपक्यावरून जातो.

सारख्या आकाराच्या दोन चौकोनी रांगोळ्या मोडून, एकही ठिपका न वाढवता, तिसरा चौकोन कधीच होत नाही. तसा झाला असता तर मोठी बाजू भागिले छोटी बाजू म्हणजे बरोबर दोनाचं वर्गमूळ आलं असतं, आणि ते कुठल्याच दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारातून मिळत नाही. तीन, पाच, सहा, सात रांगोळ्या घेतल्या तरी तेच. रांगोळ्यांची संख्या स्वतःच चार, नऊ, सोळा अशी पूर्ण वर्ग असेल तेवढाच अपवाद. म्हणून प्रश्न असा विचारायचा: फक्त एक ठिपका जास्तीचा मिळाला, तर भागेल का?

ईराने वहीत यादी करायला घेतली. तीन रांगोळ्या, प्रत्येकी एकाच ठिपक्याची: तीन अधिक एक चार, म्हणजे दोन बाय दोन. पाच रांगोळ्या चार बाय चारच्या: ऐंशी अधिक एक, नऊ बाय नऊ. सहा दोन बाय दोनच्या: चोवीस अधिक एक, पाच बाय पाच. सात तीन बाय तीनच्या: त्रेसष्ट अधिक एक, आठ बाय आठ. अकरा तीन बाय तीनच्या: नव्याण्णव अधिक एक, दहा बाय दहा. बारापर्यंत सगळं दारातल्या फरशीवर मावत होतं. तेराला मात्र तिचं अडलं. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "तेराला उत्तरच नसेल." आहे. तेरा रांगोळ्या, प्रत्येकी १८० बाय १८० ठिपक्यांच्या, अधिक एक ठिपका, म्हणजे ६४९ बाय ६४९. बाराला छोटी बाजू दोन होती आणि मोठी सात. एकच पायरी चढलो आणि थेट १८० आणि ६४९.

आता एकसष्ट. एकसष्ट सारख्या चौकोनी रांगोळ्या, वर एक ठिपका, आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा चौकोन. यातल्या लहानात लहान मोठ्या चौकोनाची बाजू आहे

१,७६,६३,१९,०४९.

एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार एकोणपन्नास ठिपके, एका बाजूला. छोट्या रांगोळीची बाजू २२,६१,५३,९८०. तो आकडा मोठ्याने वाचला की "बावीस कोटी एकसष्ट लाख" असं येतं. एकसष्ट तिथे डोकावतं तो निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

दोन ठिपक्यांत एक सेंटिमीटर अंतर ठेवलं तर मोठ्या रांगोळीची बाजू सुमारे १७,६६३ किलोमीटर होईल. पृथ्वीचा व्यास आहे १२,७४२ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रांगोळी पृथ्वीपेक्षा रुंद. छोट्या एकसष्ट रांगोळ्यांतली प्रत्येक २,२६१ किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद. त्या सगळ्या मोडून एकत्र मांडल्यावर कमी पडतो तो फक्त एक ठिपका. याहून लहान रांगोळ्या घेऊन हे जमतच नाही.

हा प्रश्न माझा नाही. भास्कराचार्यांनी तो ११५० साली 'बीजगणित' या ग्रंथात विचारला. एका श्लोकात ते मित्राला म्हणतात, की असा कोणता वर्ग आहे ज्याला सदुसष्टने गुणून एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग येतो, आणि असा कोणता ज्याला एकसष्टने गुणून? हे गणित तुझ्या मनात वेलीसारखं पसरलं असेल तर सांग. पृथ्वीहून रुंद उत्तर असलेला प्रश्न ते वेलीची उपमा देऊन विचारतात, आणि लगेच उत्तरही देतात. भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीजवळ असल्याचं सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यावर आहे. पुण्यात आपण त्यांच्या नावाजवळून नेहमी ये-जा करतो. लॉ कॉलेज रस्त्यालगत गणिताच्या अभ्यासासाठी असलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या आनंदाश्रमाने तर 'लीलावती'ची टीकांसह आवृत्ती छापली. तरीही १,७६,६३,१९,०४९ ही संख्या पुणेकरांच्या ओठांवर नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

एकेक बाजू घेऊन तपासत गेलं तर काय होईल? छोटी बाजू एक धरा, तिच्या वर्गाला एकसष्टने गुणा, एक मिळवा, पूर्ण वर्ग आला का पाहा. नाही? मग दोन धरा. दर सेकंदाला एक तपासणी, न जेवता, न झोपता केली तरी उत्तराला पोहोचायला सात वर्षं आणि दोन महिने लागतील. आणि वर्षभरानंतर तुम्हाला खात्री वाटू लागेल की उत्तर नाहीच.

पडताळा घेणंही सरळ नाही. ईराने संगणकावर हिशेबाची शीट उघडली. एका चौकटीत मोठ्या बाजूचा वर्ग, दुसऱ्या चौकटीत छोट्या बाजूचा वर्ग गुणिले एकसष्ट, तिसरीत वजाबाकी. तिसऱ्या चौकटीत एक यायला हवा होता. आला शून्य. "मावशी, भास्कराचार्य चुकले!" चुकली होती शीट. अशा शीट साधारण पंधरा अंकांपर्यंतच नेमका हिशेब ठेवतात, आणि मोठ्या बाजूचा वर्ग एकोणीस अंकी आहे: ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. शेवटचे अंक गोलावतात आणि जो एक ठिपका या सगळ्याचा जीव आहे तोच नेमका गळून पडतो. मग आम्ही कागदावर गुणाकार केला. त्याला पाऊण तास लागला, दोनदा हातचा विसरला, पण दुसरी संख्या शेवटी ४०० वर संपली आणि बाकीचे सोळा अंक हुबेहूब जुळले.

संगणक नव्हता आणि शोधत बसायला सात वर्षंही नव्हती, तर मग उत्तर कसं सापडलं? ते शोधून सापडलं नाही, लहान संख्यांपासून विणत नेलं. या लेखाचं सगळं प्रयोजन हे विणकाम दाखवणं एवढंच आहे. त्याला लागतं ते फक्त शाळेतलं गणित.

आधी जुनी नावं घेऊ, कारण ती फार सोयीची आहेत. एकसष्ट या संख्येला म्हणायचं प्रकृती. मोठी बाजू ज्येष्ठ, छोटी बाजू कनिष्ठ. ज्येष्ठाच्या वर्गातून एकसष्ट पट कनिष्ठाचा वर्ग वजा केल्यावर जे उरतं तो क्षेप, म्हणजे वरून टाकलेले ठिपके. आपल्याला क्षेप एक हवा आहे. पण सुरुवातीला क्षेप काहीही असला तरी चालतो, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त एक युक्ती दिली. तिला भावना म्हणतात. ज्येष्ठ, कनिष्ठ, क्षेप अशी दोन त्रिकुटं हाताशी असतील तर त्यांतून तिसरं बनतं. नवं ज्येष्ठ म्हणजे दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार, अधिक प्रकृती गुणिले दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार. नवं कनिष्ठ मिळतं तिरकस गुणाकारातून: याचं ज्येष्ठ गुणिले त्याचं कनिष्ठ, त्याचं ज्येष्ठ गुणिले याचं कनिष्ठ, आणि दोहोंची बेरीज. नवा क्षेप म्हणजे दोन क्षेपांचा साधा गुणाकार. तिरकस गुणाकाराला जुना शब्द आहे वज्राभ्यास. मला तो बीजगणितातल्या कुठल्याही नव्या शब्दापेक्षा देखणा वाटतो.

ईराच्या दोन रांगोळ्यांवर करून पाहू. प्रकृती दोन, ज्येष्ठ तीन, कनिष्ठ दोन, क्षेप एक. हे त्रिकूट स्वतःशीच लावायचं. नवं ज्येष्ठ: ३ × ३ अधिक २ × २ × २, म्हणजे ९ + ८ = १७. नवं कनिष्ठ: ३ × २ अधिक ३ × २ = १२. क्षेप १ × १ = १. तपासा: १२ चा वर्ग १४४, त्याची दुप्पट २८८, अधिक एक २८९, आणि तो १७ चा वर्ग. बारा बाय बारा! आईचा कागद दोनदा उमटवायचा, एक ठिपका टाकायचा, की सतरा बाय सतराची रांगोळी होते. हे लक्षात आलं तेव्हा ईरा जागची उठून नाचली.

आता एकसष्ट. कनिष्ठ एक घेऊ. एकसष्टच्या सर्वांत जवळचा वर्ग चौसष्ट, म्हणून ज्येष्ठ आठ, आणि क्षेप ६४ − ६१ = ३. पहिलं त्रिकूट (८, १, ३). क्षेप तीन आहे, एक हवा. त्याला शेजारी म्हणून दुसरं त्रिकूट द्यायचं, ज्याचं कनिष्ठ एक आहे आणि ज्येष्ठ आपल्या मर्जीचं. भावना केल्यावर नवं कनिष्ठ होईल आठ अधिक ते मर्जीचं ज्येष्ठ. ते तीनने भागलं जायला हवं, म्हणजे क्षेपातला तीन काढून टाकता येईल. आणि त्या ज्येष्ठाचा वर्ग एकसष्टच्या आसपासही हवा, म्हणजे नवा क्षेप भरमसाट वाढणार नाही. या दोन्ही अटी सात पाळतो: ८ + ७ = १५, आणि ४९ − ६१ = −१२.

(८, १, ३) आणि (७, १, −१२) यांची भावना: ज्येष्ठ ५६ + ६१ = ११७, कनिष्ठ १५, क्षेप −३६. ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोघांना तीनने भागा. क्षेपाला मग नऊने भाग जातो, कारण तो वर्गांचा हिशेब आहे. हाती येतं

(३९, ५, −४).

३९ चा वर्ग १५२१. पाचाच्या वर्गाची एकसष्ट पट १५२५. चाराचा फरक. एका त्रिकुटावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं फिरत जाण्याच्या या रीतीला चक्रवाल म्हणतात. एरवी चक्र बरेच फेरे घेतं. इथे एकाच फेऱ्यात क्षेप चारवर आला, आणि क्षेप चार किंवा उणे चार आला की जवळचा रस्ता आहे, हे ब्रह्मगुप्ताने आधीच सांगून ठेवलं होतं: दोघांचं अर्धं करा. अर्धं केल्यावर क्षेपाला चाराने भाग जातो.

(१९½, २½, −१).

साडेएकोणीस आणि अडीच! अडीच ठिपक्यांची रांगोळी कोणी काढत नाही, पण भास्कराचार्य बिचकत नाहीत. ते अपूर्णांक तसेच हातात धरून पुढे जातात. साडेएकोणीसचा वर्ग ३८०¼, अडीचच्या वर्गाची एकसष्ट पट ३८१¼. दोन्हींकडे पाव, आणि फरक बरोबर एकाचा. हे त्रिकूट स्वतःशी लावलं की ज्येष्ठ ३८०¼ + ३८१¼ = ७६१½, कनिष्ठ ९७½, आणि क्षेप उणे एक गुणिले उणे एक, म्हणजे अधिक एक. क्षेप आला, पण अर्धे अजून सुटले नाहीत. पुन्हा एकदा साडेएकोणीस-अडीचशी लावा. ज्येष्ठ १४,८४९¼ + १४,८६८¾. पाव आणि पाऊण मिळून एक, अर्धा नाहीसा!

(२९,७१८, ३,८०५, −१).

आता सगळे पूर्णांक, फक्त क्षेप उणे. म्हणजे एकसष्ट रांगोळ्या, प्रत्येकी ३,८०५ बाजूच्या, आणि त्यांतून एक ठिपका उचलून घेतला की २९,७१८ बाजूचा चौकोन. सेंटिमीटरच्या हिशेबाने त्याची बाजू तीनशे मीटरही भरत नाही. पुण्याच्या रेसकोर्सवर तो मावेल. एक ठिपका काढायचा असेल तर रेसकोर्स पुरतं, आणि एक ठिपका टाकायचा असेल तर पृथ्वी पुरत नाही. उणे एकाचा अधिक एक करायचा तर हे त्रिकूट स्वतःशी आणखी एकदा लावायचं, बस.

२९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४.
३,८०५ च्या वर्गाची एकसष्ट पट ८८,३१,५९,५२५.
बेरीज १,७६,६३,१९,०४९.

वरच्या दोन ओळी मी पहिल्यांदा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले होते. दोन शेजारी संख्या. एक पूर्ण वर्ग, दुसरी एकसष्ट पट पूर्ण वर्ग, आणि त्यांची बेरीज म्हणजे आपली संख्या. म्हणूनच या संख्येतून एक वजा करून अर्धं केलं की पूर्ण वर्ग येतो. एक मिळवून अर्धं केलं की एकसष्ट पट पूर्ण वर्ग येतो.

तिच्या पोटात आणखीही काही आहे. मधल्या पायरीवरचं ज्येष्ठ ७६१½ होतं. त्याची दुप्पट १,५२३. आपली संख्या १,५२३ ने नेमकी भागली जाते: १,५२३ × ११,५९,७६३. त्या ७६१½ च्या अल्याडपल्याड ७६१ आणि ७६२ आहेत. २९,७१८ म्हणजे ३९ × ७६२, आणि ३,८०५ म्हणजे ५ × ७६१. एकोणचाळीस आणि पाच, ज्यांच्यापासून निघालो तेच दोघे. छोट्या रांगोळीची बाजू उलगडली तर २ × ३९ × ७६२ × ५ × ७६१. बावीस कोटींच्या त्या आकड्यात पहिलं पाऊल अजून जसंच्या तसं उमटलेलं आहे.

नवांचा पडताळाही करून घ्या, ठिपके मोजण्याहून सोपा आहे. १,७६,६३,१९,०४९ च्या अंकांची बेरीज ४६, चार अधिक सहा दहा, म्हणजे शेवटी एक. २२,६१,५३,९८० च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नऊ, म्हणजेच शून्य. एकाचा वर्ग एक. एकसष्ट पट शून्य अधिक एक, तोही एक. जुळलं.

मग एकसष्टच का? त्याचे शेजारी किती गरीब आहेत पाहा. साठला ज्येष्ठ ३१, कनिष्ठ ४. बासष्टला ६३ आणि ८. त्रेसष्टला तर ८ आणि १. शंभराच्या आत कुठल्याच प्रकृतीचं सर्वांत लहान उत्तर एकसष्टच्या उत्तराएवढं मोठं नाही. चौसष्टला एक कमी, दोन कमी किंवा चार कमी असेल तर क्षेपातून चटकन सुटका होते. एकसष्ट तीनने कमी आहे, आणि तीनातून तशी सुटका नाही. तेराही सोळाला तीनने कमी, आणि ईरा अडली ती तिथेच. पण नुसती प्रकृती पाहून उत्तर किती मोठं येईल हे सांगणारं साधं सूत्र नाही.

या दोन संख्यांचा एक उपयोगही आहे. मोठीला छोटीने भागा: ७.८१०२४९६७५९०६६५४३९ आणि पुढे. एकसष्टचं वर्गमूळ दशांश चिन्हानंतर सतरा अंकांपर्यंत अगदी असंच आहे. एका ठिपक्याचा फरक इतक्या मोठ्या चौकोनात विरून जातो, म्हणून. आणि उत्तर हे एकच नाही. आपलं त्रिकूट स्वतःशी लावलं की पुढचं ज्येष्ठ ६२,३९,७६,५९,६५,७२,०५,२८,८०१ मिळतं, आणि अशी उत्तरं अनंत आहेत. सगळी या पहिल्यातूनच उगवतात.

भास्कराचार्यांनंतर पाचशे वर्षांनी, १६५७ साली, फ्रान्समध्ये फर्माने हाच प्रश्न समकालीन गणितज्ञांपुढे टाकला. त्याने उदाहरणादाखल निवडलेल्या संख्यांत एकसष्ट होता. दुसरा होता एकशे नऊ, ज्याचं ज्येष्ठ पंधरा अंकी आहे. दोन्ही माणसांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, शेकडो संख्यांतून एकसष्टच उचलावा, याचं कारण आता तुम्हाला दिसत असेल: हा आकडा वरून साधा वाटतो आणि आत खोल आहे. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने रीत काढली, वॉलिसने ती मांडली. पुढे ऑयलरने चुकून जॉन पेलचं नाव घेतलं, आणि तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत याला पेलचं समीकरण म्हणतात. आमच्या शिकवणीत मी मुलांना आधी वर्गप्रकृती हे जुनं नाव सांगते, मग पेलचं. पूर्ण वर्ग नसलेल्या कुठल्याही प्रकृतीला उत्तर असतंच, ही सिद्धता लाग्रांजने अठराव्या शतकात दिली. चक्रवाल कधीच अडून राहत नाही, ते उत्तरापर्यंत नेतंच, हे विसाव्या शतकात म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगारांनी सिद्ध केलं.

भास्कराचार्यांच्या आधी चक्रवाल जयदेव नावाच्या गणितज्ञाला ठाऊक होतं, आणि भावना तर ब्रह्मगुप्ताची. ब्रह्मगुप्ताने ब्याण्णव ही प्रकृती देऊन, हे वर्षभरात सोडवील तो गणक, असं म्हटलं होतं. त्याचं उत्तर १,१५१ आणि १२० आहे. वर्षभर लागत नाही, एक दुपार पुरते. ब्रह्मगुप्त, जयदेव, भास्कराचार्य यांच्यातही शतकांची अंतरं आहेत, तरी एकाचं बोट धरून दुसरा पुढे गेलेला दिसतो. म्हणून मला ही संख्या एकट्या भास्कराचार्यांची वाटत नाही.

श्लोकातला सदुसष्ट राहिला. तो मी ईराला घरी करायला दिला. सुरुवात तशीच, (८, १, −३), आणि मर्जीचं ज्येष्ठ पुन्हा सात: (४१, ५, ६). पुढचं मर्जीचं ज्येष्ठ पाच, मग (९०, ११, −७). इथपर्यंत आम्ही दोघींनी मिळून केलं. भाऊबीजेच्या रात्री तिचा फोन आला.

"मावशी, पुढे नऊ घेतला. २२१ आणि २७ आलं. क्षेप उणे दोन. आता हे स्वतःशीच लावू ना?"

"लाव."

पलीकडे बराच वेळ पेन्सिलीची खरखर. "९७,६८४ आणि ११,९३४. क्षेप चार."

"मग?"

"अर्धं करायचं," ती म्हणाली. "४८,८४२. आणि ५,९६७."